विंबल्डनचं सेंटर कोर्ट: रांगेतून आत

अनुराधा_मिरज

१९८८ साली मी आठवीत होते. मिरजेला आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, शेजारच्या काकूंकडे. विंबल्डनची बेकर-एडबर्ग फायनल पावसामुळे रविवारी अर्धवट राहिली आणि सोमवारी संपली. दोन्ही संध्याकाळी बाबा तिथे सतरंजीवर बसून होते. टेनिसातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. जन्म शेतकऱ्याच्या घरातला आणि पेशा शिक्षकाचा, त्यामुळे नजर जमिनीवर. "एवढा पाऊस पडतो, वर दोन आठवडे माणसं तुडवतात, मग गवत टिकतं कसं?" हा त्यांचा प्रश्न. पुढे दर जुलैत तो आमच्या घरात निघायचाच.

२०२४ च्या जुलैत लेकीकडे लंडनला होते, तेव्हा ठरवलं की आता जाऊन बघायचंच. तिकिटांची सोडत आधीच होऊन गेली होती. उरली रांग. विंबल्डनची ही रीत मला मनापासून आवडते. हा खाजगी क्लब आहे, सभासद मोजके, पण सेंटर कोर्टची, म्हणजे मुख्य कोर्टची, सुमारे ५०० तिकिटं रोज रांगेतल्या लोकांसाठी राखून ठेवतात. शेवटचे चार दिवस सोडून. क्रमांक एक आणि दोनच्या कोर्टांसाठीही तेवढीच. ओळखपाळख लागत नाही, लवकर यावं लागतं.

सोमवारी दुपारी आम्ही डिस्ट्रिक्ट लाइनने साउथफिल्ड्सला उतरलो. तिथून विंबल्डन पार्क चालत पंधरा-वीस मिनिटं. पार्कच्या मैदानात शिरलं की स्वयंसेवक तुम्हाला रांगेच्या शेपटीशी नेतात आणि हातात एक कार्ड देतात. त्यावर तारीख आणि तुमचा क्रमांक. माझा होता ३१२. ते कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, आणि त्या क्रमांकाचा सगळे मान राखतात. आमच्या पुढे जपानहून आलेलं एक जोडपं, मागे स्कॉटलंडचे दोन मुलगे. रात्र छोट्या तंबूत काढली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती स्कॉटलंडपर्यंत पोचली. पहाटे स्वयंसेवक प्रत्येक तंबूपाशी येऊन हलक्या आवाजात उठवतात. तंबू गुंडाळायचे, सामान ठेवायच्या जागी द्यायचे आणि रांग घट्ट करायची. मग मनगटावर पट्टा बांधतात. सेंटर कोर्टचा पट्टा मिळाला तेव्हा लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की तो पट्टाच सुरकुतला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे सगळं किती जवळ आहे. टीव्हीवर ते अवाढव्य वाटतं. प्रत्यक्षात १५ हजारांच्या आसपास माणसं एका हिरव्या चौकोनाभोवती दाटीवाटीने बसलेली असतात. बाहेरून भिंतींवर वेल चढलेली. जिन्यापाशी लष्करी गणवेशातली माणसं उभी असतात. खेळ चालू असताना ती कुणाला आत सोडत नाहीत. खेळाडू बाजू बदलायला थांबले की दोरी खाली होते, आणि तेवढ्यात आपली जागा गाठायची.

मंगळवार होता. परंपरेप्रमाणे गतवर्षीची विजेती पहिला सामना खेळते. मार्केता वोंद्रुशोव्हा आली, समोर स्पेनची हेसिका बूझास मानेइरो. आणि वोंद्रुशोव्हा ६-४, ६-२ अशी हरली. गतविजेती पहिल्याच फेरीत बाहेर पडण्याची ही १९९४ च्या स्टेफी ग्राफनंतरची पहिलीच वेळ. शेवटच्या पॉइंटआधीची शांतता मी विसरणार नाही. हजारो माणसं आणि फक्त चेंडू आपटल्याचा आवाज. सर्व्हिस करण्याआधी खेळाडू चेंडू जमिनीवर टप टप करत होती, ते वरच्या रांगेत ऐकू येत होतं. त्यानंतर जोकोविच. चार आठवड्यांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, उजव्या गुडघ्यावर करड्या रंगाची पट्टी. तासा-दोन तासांत त्याने सामना संपवला.

पण मी बघत होते जमीन. दुसराच दिवस, त्यामुळे गवत जवळपास अखंड. कापणीचे फिकट-गडद पट्टे, शुभ्र रेघा. फक्त बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेच्या मागे, जिथे खेळाडू सर्व्हिस परतवायला उभे राहतात, तिथे गवत चुरगळल्यासारखं झालं होतं. अजून माती दिसत नव्हती, नुसती चमक गेली होती. जुने फोटो आठवा. बोर्ग-मॅकेन्रोच्या काळात झीज नेटपर्यंत जायची, कारण खेळाडू सर्व्हिस करून पुढे धावायचे. आता नेटजवळचं गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं आणि बेसलाइन तपकिरी होते. खेळ कसा बदलला ते जमिनीवरच दिसतं.

ब्रेकमध्ये बाबांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "गवत कुठलं आहे?"

नुसतं राय. २००१ पासून पूर्ण कोर्ट बारमाही रायगवताचं असतं. त्याआधी सत्तर टक्के राय आणि तीस टक्के फेस्क्यू नावाचं दुसरं गवत असायचं. राय तुडवणं जास्त सोसतं, म्हणून हा बदल. त्याने जमीनही टणक झाली आणि चेंडू वर उसळू लागला. २००२ च्या फायनलला ह्युइट आणि नालबांडियान जवळजवळ पूर्ण सामना बेसलाइनवरूनच खेळले, त्यात या गवताचाही वाटा होता असं मला वाटतं. सामन्यांच्या वेळी उंची ८ मिलिमीटर. स्पर्धा संपली की वरचा थर खरवडून काढतात आणि पुन्हा पेरतात. दरवर्षी नवी पेरणी!

इतिहासाबद्दल थोडंच लिहिते, जाणकार भर घालतीलच. क्लब १८६८ चा, आधी क्रोकेसाठी, म्हणजे हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू टोलवायच्या खेळासाठी. १८७७ साली वर्पल रोडच्या जागेवर पहिली स्पर्धा झाली. घोड्याने ओढायचा रोलर मोडला होता आणि दुरुस्तीला पैसे हवे होते, असं त्यामागचं कारण सांगतात. २२ स्पर्धक होते आणि अंतिम सामना बघायला सुमारे २०० माणसं, एकेका शिलिंगला. पुढे सुझान लेंग्लेन या फ्रेंच खेळाडूला बघायला इतकी गर्दी व्हायला लागली की ती जागा पुरेना. १९२२ साली चर्च रोडवर हे नवं कोर्ट उभं राहिलं, स्थापत्यकार स्टॅन्ली पीच. उद्घाटन पाचव्या जॉर्जने केलं, आणि त्या वर्षी रोज पाऊस पडला.

---

रांगेतला_चौथा

सुंदर लिहिलंय. डोळ्यांसमोर उभं राहिलं.

एक भर घालतो. 'सेंटर' हे नाव वर्पल रोडचं. तिथे मुख्य कोर्ट खरोखरच मध्यभागी होतं. चर्च रोडला आल्यावर नाव तेच राहिलं, पण कोर्ट काही मध्यभागी नव्हतं. १९८० साली उत्तरेला चार नवी कोर्टं वापरात आली, तेव्हा कुठे ते नावाप्रमाणे मधोमध आलं.

आणि उद्घाटनाच्या सामन्यातली गोष्ट: किंग्जकोटने पहिली सर्व्हिस केली, गॉडफ्रीने ती नेटमध्ये मारली आणि धावत जाऊन चेंडू खिशात घातला. आठवण म्हणून. त्या जागेवरचा पहिला पॉइंट त्याने गमावला, पण चेंडू कमावला.

---

मेघना_स

अनुराधाताई, आम्ही पुढच्या जूनमध्ये मुलाकडे जाणार आहोत. माझे सासरे ७६ वर्षांचे, गुडघे दुखतात. त्यांना तंबूत झोपवणं शक्य नाही. तरी सेंटर कोर्ट दाखवायचं आहे. काही मार्ग?

---

टेम्सकाठचा

मेघनाताई, मी विंबल्डनजवळच बरीच वर्षं राहतो, म्हणून सांगतो.

पहिला मार्ग सोडतीचा. ती आधीच्या वर्षी उघडते, कोणत्याही देशातून नाव घालता येतं. दिवस आणि जागा आपण निवडायची नसते, जे येईल ते.

दुसरा मार्ग दुपारी उशिरा जाण्याचा. रांग तोवर ओसरते. फक्त आवाराचं साधं तिकीट घ्या. संध्याकाळी सेंटर कोर्टवरून लोक घरी जायला लागतात आणि त्यांची तिकिटं परत येतात. ती पुन्हा थोड्या पौंडांत विकली जातात आणि पैसे धर्मादाय कामांना जातात. त्यासाठी अ‍ॅपवर नाव नोंदवावं लागतं. ज्येष्ठांना घेऊन गेलात तर हेच करा. जुलैत इथे नऊपर्यंत उजेड असतो, दीड-दोन तासांचा खेळ सहज मिळतो.

तिसरा मार्ग स्पर्धा नसताना जाण्याचा. संग्रहालय वर्षभर चालतं आणि मार्गदर्शकासह फेरी असते. सेंटर कोर्टच्या खुर्चीत बसायला मिळतं. सासऱ्यांसाठी मला हे उत्तम वाटतं.

खाणं बाहेरून नेलेलं चालतं, पण माणशी एकच बॅग आणि कडक टोपली नको. स्ट्रॉबेरी-क्रीमचा भाव २०१० पासून २०२४ पर्यंत अडीच पौंड होता, २०२५ मध्ये दोन पौंड सत्तर पेनी झाला. लंडनमध्ये इतकी वर्षं भाव न वाढलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

---

शुभांगी_पुणे३८

मी डिसेंबरमध्ये त्या फेरीला गेले होते. गर्दी नाही, थंडी कडाक्याची, आणि ते रिकामं कोर्ट. गवताभोवती विजेचं बारीक कुंपण होतं, कोल्ह्यांपासून राखायला. गवतावर पाऊल ठेवायची परवानगी कुणालाच नाही. मार्गदर्शक बाईंनी वाकून कडेचं एक पातं दाखवलं आणि म्हणाल्या, हे सध्या लांब आहे, वसंतात हळूहळू कापत आठ मिलिमीटरवर आणतात.

संग्रहालयात जुन्या काळच्या बायकांचे पोशाख आहेत. पायघोळ झगे, आत घट्ट कॉर्सेट. त्यात त्या धावायच्या कशा, हा विचार मनातून जात नाही.

खेळाडू ज्या दारातून कोर्टवर येतात त्यावर किपलिंगच्या कवितेतल्या ओळी आहेत. जय आणि पराजय हे दोन्ही तोतये, त्यांना सारखंच वागवा, असा आशय. किपलिंगचा जन्म मुंबईचा, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. आमच्या गटात मी एकटीच मराठी होते. मार्गदर्शक बाईंना ते सांगितलं तेव्हा त्यांनी पुढच्या गटालाही सांगायचं कबूल केलं.

---

ग्रंथपाल_निवृत्त

मुंबईचा विषय निघाला आहे, तर एक नाव इथे यायलाच हवं: लीला राव.

१९३४ साली विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. जन्म मुंबईचा. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री, माहेरची पंडित, आणि स्वतः चांगली टेनिस खेळणारी. आजोबा शंकर पांडुरंग पंडित, वेदांचे आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक. म्हणजे एका घरात एक पिढी पोथ्या संपादित करते, दुसरी संस्कृतात काव्य लिहिते आणि रॅकेट धरते, आणि तिसरी थेट विंबल्डनला सामना जिंकून येते. लीला पुढे नृत्यावरही अभ्यासाने लिहीत राहिली.

आपल्या शाळांत सानिया मिर्झा सगळ्या मुलींना माहीत असते, आणि ते योग्यच आहे. २०१५ मध्ये तिने हिंगिसबरोबर दुहेरी जिंकली. पण तिच्या ऐंशी वर्षं आधी जुन्या मुंबईतली एक मुलगी तिथे खेळून जिंकली होती, हे मी जितक्या लोकांना विचारलं त्यातल्या एखाद्यालाच ठाऊक होतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

अनुराधा_मिरज

ग्रंथपालकाका, हे मला अजिबात माहीत नव्हतं! संग्रहालयात मी तासभर फिरले आणि हे नाव शोधायचं सुचलंही नाही. आता बाबांना सांगते. शंकर पांडुरंग पंडित हे नाव त्यांना नक्की ठाऊक असेल.

---

जुना_प्रेक्षक

रामनाथन कृष्णन यांचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहितो. १९५४ ला मुलांच्या गटाचं विजेतेपद. १९६० आणि १९६१, सलग दोन वर्षं पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत. पहिल्या खेपेला नील फ्रेझरने हरवलं, दुसऱ्या खेपेला रॉड लेव्हरने. दोघेही त्या त्या वर्षी विजेते ठरले. पुरुष एकेरीत त्यानंतर एकही भारतीय तिथवर गेलेला नाही. मुलगा रमेश यानेही १९७९ ला मुलांचा गट जिंकला, बाप-लेक दोघेही. आमच्या लहानपणी रेडिओवर आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हे सगळं यायचं, आणि चौकोनी रकान्यातला तो स्कोअर आम्ही पाठ करायचो.

---

समीर_क

छपराबद्दल कुणी बोललं नाही. माझं मत वेगळं आहे. २००९ ला सरकतं छप्पर आलं आणि माझ्या मते सेंटर कोर्टचं काहीतरी हरवलं. गवतावरचं टेनिस म्हणजे आभाळाखालचं टेनिस. वारा, ऊन, ढग, सरकणाऱ्या सावल्या हे सगळं त्या खेळाचाच भाग. छप्पर लागलं की आवाज घुमतो, हवा दमट होते, खेळ दुसराच होऊन बसतो.

---

टेम्सकाठचा

समीर, तुझं म्हणणं समजतं. पण मी २००७ ला तिथे होतो. प्रेक्षकांवरचं जुनं छप्पर काढून टाकलेलं, नवं यायचं होतं, कोर्ट पूर्ण उघडं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेनकोटात बसलो आणि जेमतेम काही गेम बघितले. त्याच वर्षी नदाल-सोडरलिंगचा सामना शनिवारी सुरू होऊन बुधवारी संपला. माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, वेल्सहून आलेल्या. त्यांनी कित्येक वर्षं सोडतीत नाव घातलं होतं आणि त्यांचा तो एकच दिवस होता. त्या घरी गेल्या ते ताडपत्री बघून.

छप्पर दहा मिनिटांत मिटतं, मग हवा कोरडी करायला आणखी वेळ जातो, नाहीतर गवतावर दव धरतं आणि खेळाडू घसरतात. कापड प्रकाश आत सोडणारं आहे, कारण गवताला तो हवाच. त्याखालचा पहिला पूर्ण सामना २९ जून २००९ चा, मरे विरुद्ध वावरिंका, रात्री १०:३८ ला संपला. तो मी टीव्हीवर बघितला आणि त्या आजींची आठवण आली. त्यांच्यासारख्यांसाठी तरी छप्पर हवंच. रात्री ११ नंतर खेळायला स्थानिक परिषदेची परवानगी नाही, तेवढा पोच आजूबाजूच्या घरांचा ठेवला आहे.

या सगळ्याचा पैसा कुठून येतो तेही सांगतो. क्लब पाच-पाच वर्षांसाठी रोखे विकतो, १९२० पासून. रोखेधारकाला रोजचं सेंटर कोर्टचं आसन मिळतं. २०२६ ते २०३० चा एक रोखा १ लाख १६ हजार पौंडांचा. रोखेधारक आपलं तिकीट कायदेशीरपणे विकू शकतो, इतर तिकिटं विकता येत नाहीत. म्हणून कुणी गाठून तिकीट देऊ केलं तर आधी ते रोख्याचं आहे का ते तपासा.

---

समीर_क

आजींची गोष्ट वाचून थांबलो. मान्य. तरी कोरड्या दिवशी ते उघडंच ठेवावं, एवढं म्हणेन.

---

नलिनी_इचलकरंजी

मी २०२५ ला गेले होते. रेषेवरचे पंच नव्हते! १४७ वर्षांची रीत त्या वर्षी संपली, आता यंत्राचा आवाज "आउट" म्हणतो. त्या रुबाबदार पोशाखातली माणसं वाकून रेषेकडे बघायची, ते माझ्या लेखी सेंटर कोर्टच्या चित्राचा भाग होतं. कोर्टच्या मागची भिंत मला रिकामी वाटली.

आणि तिथेच पावल्युचेन्कोवाच्या सामन्यात यंत्रणा काही वेळ बंद राहिली. चेंडू स्पष्ट बाहेर पडला तरी कुणी बोललं नाही, पॉइंट पुन्हा खेळायला लावला. चुकून कुणीतरी बंद केलं होतं. तिने सामना जिंकला हे बरं झालं. अचूकता वाढली असेलही. पण एखादा माणूस रेषेवर असता तर त्या क्षणी त्याने हात वर केला असता.

---

रांगेतला_चौथा

नलिनीताई, अगदी मनातलं.

युद्धातली गोष्ट सांगून माझ्याकडून पुरे करतो. ११ ऑक्टोबर १९४० ला सेंटर कोर्टवर बॉम्ब पडला आणि सुमारे १२०० आसनं गेली. आवारात तेव्हा अग्निशमन दल, रुग्णवाहिका, होमगार्ड होते, आणि डुकरं-कोंबड्याही पाळलेल्या. १९४६ ला पुन्हा स्पर्धा झाली तेव्हा ती आसनं भरून काढलेली नव्हती. पडकी बाजू तशीच, आणि लोक उरलेल्या बाजूंनी बसून बघत होते. पूर्ण दुरुस्ती १९४९ ला. मला ते १९४६ चं चित्र सगळ्यात जास्त भावतं.

---

मेघना_स

टेम्सकाठचा, शुभांगी, खूप आभार. सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. आम्ही संग्रहालयाची फेरी करणार, आणि एका संध्याकाळी उशिराच्या तिकिटाचा प्रयत्न करणार. त्यांनी एकच विचारलं, बसायला टेक आहे का?

---

टेम्सकाठचा

आहे. खुर्च्यांना पाठ आहे, सध्याच्या खुर्च्यांवर गादीही आहे. फक्त पायांना जागा कमी, म्हणून त्यांना कडेची खुर्ची मागा. परतीच्या गर्दीत साउथफिल्ड्सला उभं राहावं लागतं, तेव्हा शेवटचा सेट संपायच्या थोडं आधी उठलात तर बरं.

---

अनुराधा_मिरज

बाबांना काल फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. लीला रावपाशी त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि नाव लिहून घेतलं. शंकर पांडुरंग पंडित त्यांना माहीत होते. मग डिसेंबरमधल्या त्या पात्याबद्दल शुभांगीने लिहिलंय ते परत वाचायला सांगितलं. म्हणाले, "राय आपल्याकडे उन्हाळ्यात जगायचं नाही. आपली हरळी बरी. पण कापणीनंतर पेरणी करतात ना, तेवढं मात्र शेतकऱ्यासारखं करतात."

शुभांगी, त्या पात्याचा फोटो काढला असशील तर इथे टाकशील का? त्यांना बघायचा आहे.

---

शुभांगी_पुणे३८

आहे! थोडा अंधुक आलाय, पण पात्याची धार दिसते. संध्याकाळी टाकते.